उत्तर: नेग्रितो, काळू वगैरे

‘दक्षिण अमेरिकेत नेग्रितो (काळ्या) हा शब्द शिवी नाही, मग तो वापरणाऱ्या फुटबॉलपटूंवर इंग्लंडने का तापावं?’ असा मुद्दा इथे कुणीतरी मांडलाय. तो मला अर्धाच पटतो.

मँचेस्टर युनायटेडकडून खेळणाऱ्या उरुग्वेच्या कवानीच्या बाबतीत पटतो. २०२० मध्ये अभिनंदन करणाऱ्या मित्राला त्याने इन्स्टाग्रामवर ‘ग्रासियास, नेग्रितो’ असं उत्तर दिलं. उरुग्वेत हे आपल्या ‘थँक्यू रे काळ्या’ इतकंच घरगुती. एफएने (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने) ३ सामन्यांची बंदी आणि १ लाख पौंड दंड ठोकला. अतीच झालं.

पण सुआरेझ-एव्हरा प्रकरण (२०११) त्याच पंक्तीत बसवू नका. उरुग्वेच्या सुआरेझने सामन्यात आपल्याला ‘नेग्रो’ म्हटलं, अशी फ्रान्सच्या कृष्णवर्णीय एव्हराची तक्रार होती. तिथे स्पॅनिश भाषेचे तज्ज्ञ बोलावले होते. ते म्हणाले, शब्द लाडाचा असू शकतो, पण एव्हरा सांगतो तसा भांडणात वापरला असेल तर उरुग्वेतही लागेल. म्हणजे शब्दकोश नव्हे, प्रसंग बघायचा.

आणि २०२४ ची कोपा अमेरिका स्पर्धा जिंकल्यावर अर्जेंटिनाच्या एन्झो फर्नांडेझने संघाच्या बसमध्ये गायलेलं गाणं? फ्रेंच खेळाडूंची आई नायजेरियाची, बाप कॅमेरूनचा, कागदावर मात्र फ्रेंच, असा त्याचा सूर. यात लाड कुठे आलाय? चेल्सी क्लबात तेव्हा त्याच्याच सोबत खेळणाऱ्या फ्रान्सच्या फोफानाने त्या गाण्याला सरळ वंशवाद म्हटलं. एन्झोने माफी मागितली, पण अर्जेंटिनाच्या उपराष्ट्राध्यक्ष उलट ‘कुठलाही वसाहतवादी देश आम्हाला घाबरवू शकत नाही’ म्हणून त्याच्या बाजूने उतरल्या!

आपणही फार हसू नये म्हणा. वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीला आयपीएलमध्ये ‘काळू’ म्हणायचे. त्याला वाटायचं, अर्थ ‘तगडा घोडा’. खरा अर्थ कळला २०२० मध्ये.