खात्यात पैसे, हातात कार्ड, तरी नकार: तुमचे अनुभव सांगा

तलावपाळीकर:
गौरी यायला चार दिवस होते आणि वॉशिंग मशीन बंद पडलं. नवीन मशीन २६,९९० रुपयांचं, घरी आणून बसवून देणार होते. कार्डाचा नंबर टाकला, सीव्हीव्ही टाकला, ओटीपी आला, तोही टाकला. चक्र फिरत राहिलं आणि शेवटी ‘व्यवहार अयशस्वी’. परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा तर कार्डच काही तासांसाठी बंद झाल्याचा मेसेज आला. दुकानाला फोन केला तर म्हणे बँकेला विचारा. बँकेला फोन केला तर म्हणे दुकानाला विचारा. दोघांचं होल्डवरचं संगीत मात्र एकच!

दुसऱ्या दिवशी गोखले रोडवरच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन बघून दहा सेकंदांत सांगितलं, “मॅडम, तुमची रोजची ऑनलाइन मर्यादा पंचवीस हजार आहे.” एवढंच होतं. हे स्क्रीनवर लिहायला काय जात होतं?

तेव्हापासून मी ज्याला त्याला विचारते, तुझं कार्ड नाकारलं तेव्हा नाही नेमकं कोण म्हणालं? दुकान, बँक, की आणखी कुणी? ते शेवटी कळलं का? तुमचे अनुभव लिहा. नाव कुणाचंच लिहू नका, ना दुकानाचं ना बँकेचं.

ऐरोलीचा:
मी काही वर्षं पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन दुकान आणि बँकांना जोडणाऱ्या कंपनीच्या, सपोर्टमध्ये होतो, म्हणून आधी मीच. तुम्ही बटण दाबलं की विनंती दुकानाकडून गेटवेला जाते, तिथून दुकानाच्या बँकेकडे, मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेपर्यंत. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं आणि ते दोन आकड्यांचं असतं. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ६१ म्हणजे रक्कम मर्यादेबाहेर. ९१ म्हणजे बँकेची यंत्रणाच उत्तर देत नाहीये. आणि ०५ म्हणजे नुसतं नाही. का नाही, ते बँक सांगत नाही. आमच्याकडे रोज ०५चा पाऊस पडायचा.

ग्राहकाला बहुतेक वेळा या सगळ्यासाठी एकच वाक्य दिसतं. त्यात आळस आहेच, पण थोडं मुद्दामही आहे. चोरलेल्या कार्डांचे नंबर कुणी तपासत बसला असेल, तर ‘मुदत चुकली, बाकी बरोबर’ हे त्याला आयतं कळायला नको. त्याचा भुर्दंड तुम्हाआम्हाला.

आणखी एक, ओटीपी बरोबर निघाला म्हणजे व्यवहार झाला असं नाही. ओटीपीने फक्त तुम्ही तुम्हीच आहात हे ठरतं. पैसे द्यायचे की नाही ते बँक त्यानंतर बघते. तलावपाळीकर, तुमचं अडलं ते या दुसऱ्या पायरीवर.

बोगद्यातली बाई:
२०१९. मी ठाण्याहून डोंबिवलीला शाळेत जायचे. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. खरेदीला मला वेळ मिळायचा तो गाडीतच. भावाच्या मुलीसाठी फ्रॉक घेत होते, ओटीपी मागितला आणि गाडी बोगद्यात शिरली. बाहेर पडेपर्यंत पान मेलेलं. मग ओटीपी आला. मी पुन्हा सुरुवात केली, नवा ओटीपी मागवला आणि घाईत आधीचाच टाकला. चुकीचा. पुन्हा. चुकीचा. नाही म्हणणारा बोगदा होता, दुसरं कोण? नंतर बरीच वर्षं मी कळव्याच्या आधीच सगळं उरकायचे. आता फास्ट गाड्या त्या बोगद्यातून जात नाहीत, पण सवय गेलेली नाही.

खारघरची सून:
मार्च २०२०. रिझर्व्ह बँकेचा नियम १६ मार्चला लागू झाला. नवी कार्डं फक्त एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरती चालू असणार, आणि जुन्या कार्डाने कधी ऑनलाइन व्यवहार केला नसेल तर ती सोय बंद. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आठवड्याभरात लॉकडाऊन लागलं. सासऱ्यांची रक्तदाबाची औषधं ऑनलाइन मागवायची होती आणि नवऱ्याचं कार्ड नेमकं मुदत संपलेलं. म्हटलं बाबांचं वापरू. बाबांनी त्या कार्डाने पेन्शन काढण्यापलीकडे कधी काही केलं नव्हतं. अर्थातच नकार.

बँकेच्या हेल्पलाइनवर पाऊण तास गेला, तेव्हा कळलं की सोय आपणच चालू करायची, ॲपमधून किंवा एटीएमवरून. एटीएमला जायची सोय नव्हती. ॲपला नोंदवलेला मोबाइल नंबर लागतो. बाबांना नंबर विचारला तर ते गप्प. मग म्हणाले, “तुझ्या सासूचा दिलेला आहे.”

आईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मला वाटलं संपलं, तो नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाला गेला असेल. बाबा उठले, कपाटातून आईंचा तो बटणांचा फोन काढला आणि चार्जिंगला लावला. दर महिन्याला ते नाक्यावर जाऊन त्याचं रिचार्ज करत होते. घरात कुणालाच माहीत नव्हतं. ओटीपी त्या फोनवर आला, बाबांनीच वाचून दाखवला. औषधं तिसऱ्या दिवशी आली.

नंबर पुढे बदलून घेतला. रिचार्ज चालू आहे.

निबवेडा, वाशी:
मला फाउंटन पेनांचा नाद आहे. अमेरिकेतल्या एका छोट्या दुकानातून ४२ डॉलरची निब मागवली. पहिला नकार बँकेचा, कारण कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. ते चालू केले. मग पैसे सुटले, तेही ओटीपीशिवाय! आपल्याकडे ऑनलाइन कार्डाला दुसरी पडताळणी ऑगस्ट २००९पासून सक्तीची आहे, पण परदेशातल्या दुकानाला ती लागू नव्हती. तिकडे पत्ता जुळतो का ते बघतात. ग्राहकाने लिहिलेले घरनंबर आणि पिनकोडचे आकडे बँकेकडच्या आकड्यांशी ताडतात. त्यांच्या फॉर्मात पिनकोडला पाचच घरं. आमचा ४००७०३. शेवटचा तीन त्यांनी कापून टाकला.

दोन दिवसांनी मेल आली, ‘पत्ता पडताळता आला नाही, कार्ड आणि ओळखपत्राचा फोटो पाठवा.’ म्हणजे या वेळी बँक हो म्हणाली होती आणि दुकान नाही म्हणत होतं. कार्डाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी सगळ्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून फोटो काढला, मागची बाजू दिलीच नाही. दुकानदार भला माणूस निघाला. त्याने मान्य केलं, निब आली आणि आजही सुरेख चालते. बँकेने मात्र परकीय चलनाचे साडेतीन टक्के लावले आणि त्यावर जीएसटी.

घोडबंदर रोड:
माझे पैसे कापले गेले आणि ऑर्डर झालीच नाही. पाच दिवस वाट पाहिली, नवव्या दिवशी परत आले. सप्टेंबर २०१९चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. ते न मागता मिळायला हवेत, मला मागावे लागले. ४०० रुपये मिळाले. कासारवडवलीला मिसळ खाल्ली चौघांनी.

दोन नावांची:
माझं कार्ड माहेरच्या नावाचं, पॅनही. घरपोच पत्त्यावर सासरचं नाव. महागडा फोन घेतला तर दुकानाच्या पडताळणी विभागाने खातंच गोठवलं आणि ओळखपत्र मागितलं. पाठवलं. उत्तर आलं, ‘नाव जुळत नाही.’ अहो, कसं जुळेल? शेवटी विवाह नोंदणीचा दाखला पाठवला आणि मी एकच बाई आहे हे सिद्ध झालं. माझ्या नवऱ्याला असं काही आयुष्यात सिद्ध करावं लागलेलं नाही. असो. एक सांगते, आधार मागितलं तर झाकलेलं पाठवा. त्यात पहिले आठ आकडे दिसत नाहीत.

कोपरीचा:
८ मार्च २०२१. देशभर ओटीपी अडकले होते, कारण दूरसंचार नियामक ट्रायने व्यावसायिक एसएमएस गाळायचा नवा नियम लावला होता. गोंधळ बघून दुसऱ्या दिवशी तो आठवडाभर स्थगित केला. ओटीपी का अडकलेत ते मला आठ तारखेच्या रात्री कळलं. तोवर मी दिवसभरात चार वेळा सिम काढून फुंकलं होतं.

नेरुळचे काका:
माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहितो. कार्ड दोनदा नाकारलं गेलं म्हणून रागाच्या भरात दुकानाच्या पानावर सर्वांसमोर तक्रार लिहिली, खाली मोबाइल नंबरही दिला. वीस मिनिटांत फोन. “काका, तुमचं पेमेंट डिक्लाइन झालंय ना? ओळख पडताळणी अपुरी आहे, आत्ता करून देतो.” गोड बोलणारा मुलगा होता. त्याने एक ॲप टाकायला लावलं, त्यातून त्याला माझा फोन दिसत होता. ओटीपी मी सांगितलाही नाही, त्याने तो वाचला. १८,५०० रुपये गेले.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच संध्याकाळी फोन केला, बँकेलाही कळवलं. बँक म्हणते चूक तुमची. २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेले पैसे, कळवेपर्यंतचे, ग्राहकाच्याच माथी. मी ४१ वर्षं हिशेब तपासण्याचं काम केलं. मला हा हिशेब कळतो. तरी तक्रार लेखी दिली आहे.

ऐरोलीचा:
काका, बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, घरबसल्या ऑनलाइन होतं. कळवल्यानंतर खात्यातून आणखी काही गेलं असेल तर ते बँकेच्या माथी, तेवढं खातेउतारा काढून नक्की बघा. आणि ते ॲप काढलंत ना?

नेरुळचे काका:
ॲप काढलं. आज ३४वा दिवस आहे, बँकेचं उत्तर नाही. लोकपालाचा फॉर्म उघडून बसलो आहे. नाव लिहिलं, मोबाइल नंबर लिहिला. ‘पडताळणीसाठी ओटीपी पाठवला आहे’ असं आलंय. चष्मा आणतो.