मदत हवी आहे : लेकरांना घेऊन वेरूळ-अजिंठा, मुक्काम कुठं करावा?

दिवाळीच्या सुट्टीत परभणीहून रेल्वेनं संभाजीनगरला जायचंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. हातात तीन दिवस. स्वतःची गाडी नाही, तिथं भाड्यानं करू.

वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद, म्हणून शुक्रवार ते रविवार ठरवलंय. गाडीवाल्यांना विचारलं तर सगळे एकाच दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा उरकायचं म्हणतात. एवढी धावपळ लेकरांना नको. धाकटी दुपारी दोनला जिथं असेल तिथं खांद्यावर झोपते, आणि मुलाला दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी (काळोखी भुयारी वाट) पाहायचीच आहे. कैलास लेणं गेटसमोरच आहे, ते सासूबाईंना जमेल. पण गुडघ्यांमुळं अजिंठ्याच्या पायऱ्या त्यांना झेपायच्या नाहीत, आणि त्यांना एकटं बसवून आम्ही फिरणार नाही.

हॉटेलचं बजेट रात्रीला दोन हजारांपर्यंत, जेवण शाकाहारी.

लहान लेकरं आणि म्हातारं माणूस घेऊन गेलेल्यांनी सांगा : अजिंठ्याला डोली सहज मिळते का, साधारण किती घेतात? की जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरचा अजिंठा सोडून एक रात्र वेरूळलाच राहावं?