तापात पडल्या पडल्या लांब सिनेमा: फाईल पेनड्राईव्हवर जात नाही

प्रश्न: ताप आहे, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग (2001) पुन्हा पाहायचा आहे. टीव्हीवर लावायला 5 जीबीची फाईल 32 जीबीच्या रिकाम्या पेनड्राईव्हवर कॉपीच होत नाही. लाईनचाही (विजेचा) भरवसा नाही.

उत्तर: पेनड्राईव्ह फॅट32 (फाईली साठवायची एक जुनी पद्धत) असन भाऊ. त्यात एक फाईल 4 जीबीच्या वर बसत नाही, जागा कितीही असो. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट कर. एक्सफॅट ही तिसरी पद्धत बरेच जुने टीव्ही ओळखत नाहीत.

उत्तर: चित्र दिसलं पण आवाज नाही, तर ऑडिओ डीटीएस (आवाज साठवायचा एक प्रकार) असू शकते, अनेक टीव्हींवर तो चालत नाही. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज एएसी स्टीरिओ या साध्या प्रकारात करून घे. सबटायटलची एसआरटी फाईल सिनेमाच्याच नावानं, यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ठेव, नाहीतर मराठीच्या जागी कचरा दिसते. टीव्हीत नाइट मोड (मोठा न् बारीक आवाज जवळ आणणारी सेटिंग) असला तर लावच. संवाद पुटपुटल्यासारखे न् लढाई कानठळ्या बसवणारी, हे दुखत्या डोक्याले सोसवत नाही.

उत्तर: लाईनसाठी एक कॉपी मोबाईलमध्येही टाक. 178 मिनिटं एका दमात कायले? रिव्हेंडेलची (सिनेमातलं एल्फ लोकांचं ठिकाण) सभा झाली की थांब, सिनेमा निम्मा होते. जुलाबही असतील तर ओआरएसचं 1 लिटरवालं पूर्ण पाकीट 1 लिटर पाण्यात. 24 तासांनी उरलेलं फेक.