मदत हवी आहे: रँग्लर परांजप्यांच्या वेळचं केंब्रिज

मंडळी, भाचीला कॉलेजच्या गणित मंडळात रँग्लर परांजप्यांवर बोलायचंय आणि तिने मलाच कामाला लावलंय. ते १८९९ ला केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या ट्रायपॉसला (तिथली ऑनर्स पदवीची परीक्षा) पहिले (बर्टविसल नावाच्या एकासोबत विभागून), इथपर्यंत ठीक. पण खोलात गेले तर भलतंच जग निघालं, पोरं लेक्चरपेक्षा खासगी कोचच्याच भरवशावर, त्यात राउथ नावाच्या एकट्या कोचने वीसच्या वर सीनियर रँग्लर काढलेले, आपले क्लासवाले काय घेऊन बसलात! ऑनर्समधे शेवटून पहिला येईल त्याला पदवीदानाच्या वेळी गॅलरीतून दोरीने लाकडी चमचा सोडायचे म्हणे. आणि १८९० ला फिलिपा फॉसेटला सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त मार्क, तरी डिग्री नाहीच, कारण बाई. बायकांना डिग्री द्यायला तिथे १९४८ उजाडलं.

तर विचारायचं असं की हे कोच नेमकं काय करून घ्यायचे, नुसती गणितं घोटून की थिअरीपण? आणि परांजप्यांनी स्वतः तिथल्या दिवसांबद्दल मराठीत काही लिहिलंय का, असेल तर कुठे मिळेल? कार्यक्रम पुढच्या शनिवारीच आहे, जरा लवकर सांगा प्लीज.