मदत हवी आहे: गडचिरोलीतील धरणविरोधी आंदोलन आणि रानम्हैस यांवरचा माहितीपट

सर्वांना नमस्कार.

आम्ही नागपुरातले तिघे जण नोकऱ्या सांभाळून एक माहितीपट करीत आहोत. त्याच्या पाठीशी ना कोणती वाहिनी आहे, ना निर्माता. 1980 च्या दशकात इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन मोठी धरणे प्रस्तावित होती, आणि त्यांच्या पाण्याखाली माडिया-गोंड आदिवासींची गावे व त्यांचे जंगल जाणार होते. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. आदिवासी नेते लालश्याम शाह आणि बाबा आमटे ही त्यातली सर्वपरिचित नावे. ती धरणे झाली नाहीत. सिरोंचा वनविभागात, छत्तीसगडच्या सीमेलगत असलेल्या कोलामार्काच्या जंगलात आज महाराष्ट्रातल्या मोजक्या रानम्हशी तग धरून आहेत, आणि 2013 मध्ये ते क्षेत्र त्यांच्यासाठीच संवर्धन राखीव (संरक्षित वनक्षेत्र) म्हणून जाहीर झाले. लोकांनी राखलेले जंगल आणि त्या जंगलातले जनावर या दोन गोष्टी एकाच चित्रपटात याव्यात, एवढाच आमचा हट्ट आहे.

अडचण अशी की, आंदोलनाची हलती चित्रे आमच्या हाती जवळजवळ नाहीतच. वर्तमानपत्रांची काही कात्रणे आहेत आणि मोर्चात चाललेल्या माणसांच्या आठवणी आहेत. त्या काळी तिकडे शिक्षक असलेले एक गृहस्थ आता नागपुरात राहतात व उत्तम बोलतात. परंतु मे महिन्यात त्यांच्या खोलीत कूलर सुरू ठेवला तर ध्वनिमुद्रणात नुसती घरघर येते, आणि बंद केला तर दहा मिनिटांत ते घामाघूम होतात व बोलणे आवरते घेतात. चित्र नसताना केवळ आवाजावर अर्धा चित्रपट तोलता येईल का? आंदोलनाचे प्रसंग नटांकडून करवून घ्यावेत, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे, पण तो मला अजिबात पटलेला नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे हयात असताना त्यांची सोंगे कशासाठी आणायची?

दुसरा प्रश्न परवानगीचा. वन्यजीव विभागाकडे अर्ज करताना आंदोलनाचा भाग लिहावा की फक्त रानम्हशीचा? लपवाछपवी करायची नाही, परंतु विषय वाचूनच अर्ज बाजूला पडेल अशी धास्ती वाटते. पैशांबाबत इतकेच सांगतो की, ज्याच्या निधीमुळे आंदोलनाचा भाग सौम्य करावा लागेल, तो निधी आम्हाला नको आहे.

अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

आपला विषय आवडला. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात चित्रीकरण करायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 28 खाली परवाना लागतो. 2022 च्या दुरुस्तीने त्या कलमात, अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना बाधा न पोहोचवता केलेले छायाचित्रण व चित्रपटनिर्मिती, असा स्पष्ट उल्लेख आला आहे. राज्याच्या वन्यजीव विभागाचे मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये असल्यामुळे टपालावर विसंबू नका, स्वतः जाऊन भेटा. विषय पूर्ण लिहा. चित्रपट पुढे लोक पाहणारच आहेत, तेव्हा अर्धवट माहिती देऊन मिळालेला परवाना तुमच्याच अंगाशी येईल. ड्रोन मात्र अर्जातून वगळा. त्याने जनावरेही बिथरतात आणि परवानगीची गुंतागुंतही वाढते.

कात्रणांबद्दल एक सावधगिरी बाळगा. आपल्याकडे छायाचित्रांचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे 1980 च्या दशकातली छायाचित्रे अजून कोणाच्या तरी मालकीची आहेत. वृत्तपत्राची लेखी संमती आताच घ्या, कारण महोत्सवात निवड झाल्यावर तिच्यासाठी धावपळ करणे फार जड जाते. जुनी शासकीय चित्रफीत शोधायची असेल तर फिल्म्स डिव्हिजनचा संग्रह पाहा. ती संस्था 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे.

नटांबाबत मी तुमच्याच मताचा आहे. त्या गृहस्थांना पहाटे साडेपाचला गच्चीवर बसवा, कूलरचा प्रश्नच उरणार नाही. आणि माडिया बोलणाऱ्यांना मराठीत बोलायला लावू नका. खाली मराठी उपशीर्षके द्या, आणि भाषांतर त्यांच्याच गावच्या शिकलेल्या मुलामुलींकडून करून घ्या.

प्रतिसाद 2

रानम्हशीविषयी थोडे. गावातल्या म्हशी जंगलात चरतात आणि संकरही होतो, त्यामुळे दुरून टिपलेले प्रत्येक जनावर रानटी समजू नये. शिंगांचा रुंद पसारा व भारदस्त देह यांवरून अंदाज येतो, तरी त्याने खात्री पटत नाही. उन्हाळ्यात पाणवठ्यावर मचाण बांधण्याआधी वनरक्षकाशी बोला, आणि त्या भागात गुरे वळणाऱ्या माणसाला आपले चित्रीकरण दाखवा. त्यातले कोणते जनावर गावच्या गोठ्यातले आहे, हे तो बघताक्षणी सांगेल.