गॉर्डी हाऊला पगार कमी दिला, की त्याने मागितलाच नाही?

विंडसरकर

मी कॅनडातल्या विंडसरला राहतो. नदीपलीकडे डेट्रॉइट. दोन्ही काठ जोडणाऱ्या नव्या पुलाला आइस हॉकीपटू गॉर्डी हाऊचं नाव दिलंय. त्या पुलाचे मनोरे दिसले की मला दर वेळी वाटतं, या माणसाला अर्ध्या पैशात राबवून घेतलं.

हाऊ १९४६ ते १९७१ अशी २५ वर्षं डेट्रॉइट रेड विंग्जकडून खेळला. चार वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या आइस हॉकी लीगचं विजेतेपद, जिंकला. सुरुवातीला करार करताना कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या या पोराने संघाचा मॅनेजर जॅक ॲडम्सकडे काय मागितलं? टीमचं जॅकेट. तेही लगेच हातात पडलं नाही. १९५० च्या प्लेऑफमध्ये (सीझनअखेरच्या बाद फेरीत) मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटून त्याची कवटी फुटली, मेंदूवरचा दाब कमी करायला डॉक्टरांनी तातडीने ऑपरेशन केलं. पुढच्याच सीझनला हा पठ्ठ्या ८६ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) घेऊन लीगमध्ये पहिला!

आणि पगार? १९६८ च्या सुमारास ४५,००० डॉलर. टीममध्ये सगळ्यात जास्त तुलाच देतो, असं त्याला वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. मग बॉबी बॉन नावाचा बचावपटू डेट्रॉइटला आला आणि त्याने हाऊला आपला आकडा सांगितला. ६७,००० च्या घरात! हाऊने मालक ब्रूस नॉरिसकडे जाऊन एक लाख मागितले, आणि ते मिळाले. म्हणजे तिजोरीत पैसे होते. दिले नव्हते, एवढंच.

खतावणी

वाईट मलाही वाटतं, पण ‘राबवून घेतलं’ हे पटत नाही. १९६८ मध्ये अमेरिकन कुटुंबाचं मध्यक उत्पन्न साधारण ८,६०० डॉलर होतं. हाऊ त्याच्या पाचपट कमवत होता, आवडीचा खेळ खेळून. आजच्या करोडोंच्या करारांची मोजपट्टी तेव्हा लावू नका.

शिवाय त्याच काळात मागणारे होतेच की. त्याच लीगमधल्या माँट्रियल संघाच्या जाँ बेलिव्होने १९५३ मध्ये पाच वर्षांचा १,०५,००० डॉलरचा करार केला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. हाऊ दरवर्षी ॲडम्सच्या शब्दावर विसंबून सही करत राहिला. आपली किंमत आपण काढायची असते, समोरचा कशाला सांगेल?

पगारपत्रक

खतावणी, तुमचं बेलिव्होचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. बेलिव्होला माँट्रियलची गरज नव्हती. क्वेबेक एसेस संघात, नावाला हौशी खेळाडू म्हणून, त्याला उत्तम पैसे मिळत होते आणि तो तिथे खूश होता. त्याचे हक्क मिळवायला माँट्रियलने शेवटी एसेस ज्या लीगमध्ये खेळायचा ती अख्खी लीग विकत घेतली. त्याच्या हातात दुसरा पर्याय होता, म्हणून त्याला भाव मिळाला.

हाऊकडे काय होतं? करारातल्या राखीव कलमामुळे मुदत संपली तरी खेळाडू त्याच क्लबचा. लीगमध्ये सहाच संघ. पटत नसेल तर घरी बसा.

मी पुण्यात गेली पंधरा वर्षं एचआरमध्ये पगाराचं काम बघते. एका ठिकाणी माझ्याच हातून ऑफर लेटर जायची, त्यात ‘आपले वेतन सहकाऱ्यांना सांगू नये’ अशी ओळ असायची. एकाच कामाच्या दोन माणसांत दीडपट फरक मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि कमी पगारवाला बहुतेक वेळा जुना, निष्ठावान माणूस असायचा. तो मागत नाही, कारण काय मागायचं हेच त्याला माहीत नसतं. हाऊचं नेमकं हेच झालं.

विंडसरकर

अगदी! आणि विचारणाऱ्याचं काय व्हायचं तेही बघा. १९५७ मध्ये हाऊच्याच आक्रमक त्रिकुटात खेळणाऱ्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना काढली. त्या सीझनला लिंडसेचे ८५ गुण, लीगमध्ये हाऊच्या खालोखाल. तरी उन्हाळ्यात ॲडम्सने त्याला लीगमध्ये तळाला असलेल्या शिकागो संघाला देऊन टाकलं.

खतावणी

राखीव कलमाचा मुद्दा मान्य, तिथे मी कमी विचार केला होता. पण पुढची गोष्टही सांगा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघटनेतून अंग काढून घेणारे पहिले खेळाडू डेट्रॉइटचेच होते. त्या ड्रेसिंग रूममध्ये हाऊ होता. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू गप्प बसला, म्हणून इतरांचेही पगार दहा वर्षं दबलेले राहिले. पाचव्या-सहाव्या नंबरच्या खेळाडूला हाऊपेक्षा या गप्प बसण्याची किंमत जास्त पडली.

पगारपत्रक

हे मला लागलं, आणि नाकारता येत नाही. पण पोरं लहान, दुखापतीची भीती, शिक्षण अर्धवट. अशा माणसाकडून मी धैर्याची सक्ती करणार नाही.

विंडसरकर

पेन्शनचं राहिलं. १९४७ पासून खेळाडू स्वतःच्या खिशातून त्या फंडात पैसे भरत होते. त्यातली शिल्लक खेळाडूंची की मालकांची, हे ठरवायला कार्ल ब्रूअर, हाऊ आणि इतर निवृत्त खेळाडूंना कोर्टात जावं लागलं. १९९२ मध्ये ओंटारिओच्या कोर्टाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा हाऊ ६४ वर्षांचा होता.

खतावणी

पेन्शनबाबत पूर्ण सहमत, तो पैसा त्यांचाच होता. आणि बघा, तिथे तो इतरांबरोबर उभा राहिला. १९५७ बद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. लिंडसेच्या शेजारी हाऊ उभा राहिला असता, तर ॲडम्सने दोघांनाही शिकागोला पाठवलं असतं? मला नाही वाटत.