मदत हवी आहे: स्लाइड स्कॅनमध्ये एकाच जागी उभी रेघ

३५ मिमीच्या माउंट केलेल्या (चौकटीत बसवलेल्या) स्लाइड्स फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआय, ४८-बिट टिफमध्ये स्कॅन करतोय (साधारण ३४००×२२७० पिक्सेल). प्रत्येक स्कॅनमध्ये, होल्डरच्या (स्लाइड्स बसवायच्या साच्याच्या) त्याच खाचेत, वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक हिरवट रेघ येते. आकाशासारख्या सपाट रंगात ती फार खुपते. रेघ सेन्सरच्या सरकण्याच्या दिशेतच आहे, त्यामुळे स्लाइडवरची धूळ नक्कीच नाही. कागदी फोटो मात्र स्वच्छ येतात.

माझा संशय कॅलिब्रेशनवर, म्हणजे स्कॅनआधी सेन्सर स्वतःला जुळवून घेतो त्यावर आहे. होल्डरच्या टोकाची मोकळी खिडकी झाकली गेली किंवा तिथे धुळीचा कण असला, तर सेन्सरचा तेवढाच पिक्सेल चुकीचा जुळतो आणि रेघ पूर्ण लांबीभर उमटते. ती खिडकी, काच आणि झाकणातल्या दिव्याची काच मायक्रोफायबरने पुसून, स्कॅनर बंद-चालू करून पाहिलं. फरक शून्य.

कण काचेच्या आतल्या बाजूला असेल का? काच उचलताना सेन्सरची पट्टी बिघडू नये म्हणून काय जपायचं?

इन्फ्रारेड धूळसफाई (इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखून स्कॅनमधून पुसणारी सोय) सुचवू नका. बऱ्याच स्लाइड्स कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) आहेत, त्यावर ती बारीक तपशीलही खाऊन टाकते.